कुंद्याचा डबा आणि गोकाकची वाट

भाऊबीजेला गोकाकला जायचं, हा आमच्या घरचा पस्तीस वर्षांचा शिरस्ता. आक्काला तिथे दिलेली. जाताना बेळगावचा किलोभर कुंदा न्यायचा आणि येताना तिने दिलेलं किलोभर करदंट आणायचं. मी पतसंस्थेत कारकुनी करणारा माणूस. दोन्ही बाजूंची बेरीज जुळणारा असा व्यवहार मला फार आवडतो. २०२० साली कोरोनामुळे खंड पडला, तेव्हा आक्काने फोनवरच ओवाळलं आणि राहिलेलं करदंट पुढच्या खेपेला व्याजासकट दिलं.

२०२४ च्या दिवाळीतही नेहमीच्या दुकानातून डबा बांधून घेतला. फरक एवढाच, की त्या दिवशी मला शुगर होऊन सव्वीस दिवस झाले होते. म्हणजे कळून सव्वीस दिवस. झाली केव्हा होती, देव जाणे. आणि आक्काला ते ठाऊक नव्हतं.

दसऱ्याच्या आधी चार दिवस आमच्या पतसंस्थेत सभासदांसाठी तपासणी शिबिर होतं. नावं लिहून घ्यायचं काम माझ्याकडे. दुपारी गर्दी सरल्यावर तपासणारी मुलगी म्हणाली, ''काका, तुमचं राहिलं की.'' मी हसत बोट पुढे केलं. यंत्रावर २६८ आकडा आला. तिने एकदा माझ्याकडे, एकदा यंत्राकडे पाहिलं आणि डॉक्टरांना हाक मारली. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत उपाशीपोटी १७१ निघाली आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ८.९. ती साडेसहा किंवा त्याहून जास्त आली की मधुमेह. यंत्र चुकलं असेल असं म्हणून मी, ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा दुसऱ्या प्रयोगशाळेत गेलो. तिथे ८.८ आली. दोन ठिकाणची बेरीज जुळली आणि जन्मात पहिल्यांदा जुळलेल्या बेरजेचा मला राग आला.

डॉक्टर भले होते. म्हणाले, ''आज सकाळी तुम्ही काय खाल्लं ते लपवता येईल, पण रक्तातल्या तांबड्या पेशी तीन महिन्यांची डायरी लिहून ठेवतात.'' गोळ्या सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर, रोज चालायचं, डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासून घ्यायचा, आणि रोज रात्री पायाचे तळवे पाहायचे. 'पाय' हा शब्द ऐकला आणि पुढचं मला काही ऐकूच आलं नाही. फाइल घेतली, घरी येताना स्कूटरच्या डिकीत रेनकोटाखाली ठेवली आणि नऊ दिवस घरात अक्षर काढलं नाही.

त्या नऊ दिवसांत मला माझंच गाव परकं झालं. बेळगावच्या माणसाला गाव कसं ठाऊक असतं? इथला कुंदा चांगला, त्या कोपऱ्यावरचं मांडं चांगलं, गणपत गल्लीतून येताना अमुक घ्यायचं, कॅम्पात गेलं की तमुक. माझ्या डोक्यातला बेळगावचा नकाशा हा असा जिभेने काढलेला. आता रामदेव गल्लीच्या तोंडाशी आलो की मान खाली घालून गाडी पुढे काढत होतो. जणू त्या दुकानदारांची उधारी बुडवली आहे. रात्री झोप येत नसे. कधी वाटे, काही नाही, महिनाभर कडक पथ्य केलं की जाईल. कधी वाटे, आता संपलंच. आणि बायकोने 'चहात साखर कमी का घेता हल्ली?' असं साधं विचारलं तरी अंगावर धावून जात होतो.

शेवटी शर्ट धुवायला टाकताना खिशात गोळ्यांची पट्टी सापडली. ही काही ओरडली नाही. पट्टी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, ''आजार झाला त्याचं काही नाही. नऊ दिवस मी तुम्हाला रोज शिरा-पुऱ्या वाढल्या आणि तुम्ही खाल्ल्यात, ह्याचं वाईट वाटलं.'' ह्यावर काय बोलणार?

दुसऱ्या दिवसापासून तिने मला पहाटे टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोवर चालायला पिटाळलं. एकेकाळी इथे देवीची लस तयार होत असे. लस गेली, देवी गेली, जुनी उंच झाडं राहिली. त्या झाडांखाली पहाटे साडेपाचला अर्धं बेळगाव चालत असतं हे मला बावन्न वर्षांत माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी एका काठीवाल्या आजोबांनी गाठलं. ''नवीन दिसता. किती?'' मला वाटलं, फेऱ्या किती. म्हटलं, दोन. तर म्हणाले, ''फेऱ्या नव्हे हो, शुगर! मी सतरा वर्षांचा आहे.'' तिथे वय असं मोजतात. त्यांच्या कट्ट्यावर सगळे आकड्यात बोलतात, एकमेकांच्या आकड्यांना हसतात, आणि 'गुळाचं चालतं' असं म्हणणाऱ्या नवख्याला सगळे मिळून झापतात. गूळ काय, साखर काय, रक्तात गेल्यावर दोघांचं गोत्र एकच.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची देशभरातली मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात देशात १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज आहे. आणि सर्वांत जास्त प्रमाण कुठे? आमच्या चोर्ला घाटाच्या पलीकडे, गोव्यात, २६.४ टक्के. म्हणजे चार मोठ्या माणसांत एक. हा आकडा त्या आजोबांनीच मला सांगितला, जवळजवळ अभिमानाने. 'एवढे जण आहेत' ह्याने माझी शुगर काही उतरणार नव्हती, पण मान थोडी वर झाली एवढं खरं.

मग बायको म्हणाली, ''भाऊबीजेला आक्कांना सांगा.'' मी म्हटलं, ''नको.'' का नको, ते मात्र तिलाही सांगितलं नाही. ते सांगायचं तर तीस वर्षं मागे जावं लागतं.

आमचे आप्पा शहापूरचे विणकर. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून त्यांनी जन्मभर साड्या विणल्या. आजूबाजूला हातमाग जाऊन यंत्रमाग आले तरी आप्पांनी आपला माग सोडला नाही. त्यांना शुगर निघाली तेव्हा घरात फ्रिज नव्हता. इन्शुलिनची बाटली आम्ही पाण्याच्या मडक्याजवळ ओल्या फडक्यात ठेवत असू. आप्पांना गोडाचा सोस होता. १९९४ च्या गणपतीत त्यांनी पानावर तिसरा मोदक घेतला आणि मी, तेव्हा बावीस वर्षांचा, नुकता पदवीधर झालेला शहाणा, पंगतीत सगळ्यांसमोर म्हणालो, ''हे दुखणं तुम्ही स्वतःच्या हाताने ओढवून घेतलंय आप्पा. तोंडावर ताबा ठेवला असता तर ही वेळ आली नसती.''

आप्पा काही बोलले नाहीत. मोदक पानात तसाच ठेवून उठले. पंगतीत वाढायला आक्का होती.

त्यानंतर दोन महिन्यांत, नव्या वहाणेने त्यांच्या पायाला फोड आला. तळव्यातली जाणीव गेलेली, त्यामुळे दुखलंच नाही. पण रक्त दिसलं असणार. त्यांनी तो पाय फडकं बांधून एकोणीस दिवस आमच्यापासून लपवला. उघडकीला आलं ते वासामुळे. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आक्का दोन लेकरं घेऊन चार महिने माहेरी येऊन राहिली आणि रोज मलमपट्टी तिनेच केली. मला बघवत नसे म्हणून मी त्या वेळी बाहेर ओसरीवर जाऊन बसत असे. १९९६ साली आप्पा गेले.

आप्पांनी जखम का लपवली, ह्याचं माझ्यापुरतं उत्तर मला ठाऊक होतं. आणि आता माझ्या फाइलवरही तोच आजार लिहिलेला.

तर अशी ही भाऊबीज. रविवार होता, ३ नोव्हेंबर. बेळगाव स्टेशनवर मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली, डबा मांडीवर घेतला. बस सोपी पडते, पण मला हा रेल्वेचा रस्ता आवडतो. सुळेभावीपर्यंत भाताची खाचरं, कापणी चाललेली, माती लाल. सुळधाळ, पाच्छापूर आलं की रंग बदलू लागतो, हवा कोरडी होते आणि हळूहळू ऊस सुरू होतो. घटप्रभेच्या पाण्यावरचा ऊस. गाडीच्या खिडकीतून बघावं तिकडे ऊस, फाटकापाशी उसाच्या ट्रॉल्या थांबलेल्या. कर्नाटकात ऊस पिकवण्यात आमचा बेळगाव जिल्हा पुढे. साखरेच्या जिल्ह्यात राहून आम्हाला साखर होऊ नये, ही अपेक्षाच मुळात चुकीची, असं मी मनाशी म्हटलं आणि सव्वीस दिवसांत पहिल्यांदा जरासं हसू आलं.

समोरच्या बाकावर एक कुटुंब होतं, तेही भाऊबीजेलाच निघालेलं. त्यांनी फराळाचा डबा उघडला. आपल्याकडे गाडीत डबा उघडला की समोरच्याला दिल्याशिवाय घास उतरत नाही. त्या बाईंनी लाडू पुढे केला. मी म्हटलं, ''उपवास आहे.'' भाऊबीजेला कसला उपवास? बाई चमकल्या, पण बोलल्या नाहीत. मग मुलाने चकली दिली, ती घेतली. पाच मिनिटांनी दुसरीही घेतली. उपवासाला चकली खाणारा हा कोण माणूस, असा प्रश्न त्या पोराच्या तोंडावर स्पष्ट होता. खोटं बोलायचं तर निदान हिशेब ठेवून बोलावं, हे मी कारकून असून विसरलो.

गोकाक रोडला उतरलो. गावात जाणारं वडाप भरत होतं, त्यात बसलो, आणि धबधब्यापाशी आल्यावर काय मनात आलं कोण जाणे, तिथेच उतरलो. आक्काचं घर तिथून जवळच. पण पाय तिकडे वळेनात.

गोकाकचा धबधबा पाहावा पावसाळ्यात. घटप्रभा तांबडी होऊन ५२ मीटर खाली कोसळते आणि तुषार अंगावर येतात. कार्तिकात तिचा जोर ओसरलेला असतो. कड्याचे काळे-पिवळे थर उघडे पडतात, मधून दोन-चार धारा तेवढ्या उतरत असतात. वर झुलता पूल, काठाला चालुक्यांच्या वळणाचं महालिंगेश्वराचं जुनं देऊळ आणि पलीकडे सूत गिरणीच्या इमारती. ह्या पाण्यावर गिरणीची चाकं १८८७ पासून फिरली. आप्पा एकदा आक्काकडे आले असताना आम्ही दोघं इथे आलो होतो. ते धबधब्यापेक्षा गिरणीकडेच बघत होते. म्हणाले होते, ''बघ, पाणी पडतंय ते वाया जात नाही. त्याचं सूत होतंय.'' त्यांच्यासारखा विणकरच असं बघणार.

मी कठड्याशी तासभर बसलो असेन. शेजारी कुंद्याचा डबा. खोटं कशाला सांगू, एकदा मनात आलं, डबा उघडावा आणि सगळा इथेच बसून खाऊन टाकावा. भूक नव्हती. रागच होता. नव्याने शुगर कळलेल्या माणसाला असे झटके येतात हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. आधी 'नाहीच' म्हणणं, मग संताप, मग स्वतःला दोष. म्हणाले, ह्या ताणाकडेही आम्ही आकड्याइतकंच बघायला हवं, कारण वैतागलेला माणूस गोळी चुकवतो. आणि उदासी दोन आठवडे हटलीच नाही, कशातच मन लागेना, तर तसं येऊन सांगायचं, त्यावरही औषधपाणी आहे. त्याच वेळी मी त्यांना विचारलं होतं, ''हे माझ्या खाण्यामुळेच झालं ना?'' ते म्हणाले, ''वडिलांना होतं म्हणता. रक्तातून येतं, पोटाच्या घेरातून येतं, दिवसभर खुर्चीवर बसण्यातून येतं, वयातून येतं. खाण्याचाही वाटा आहे, नाही असं नाही. पण मोदकाने मधुमेह होत असता तर गणपतीनंतर अख्खं गाव माझ्या दारात असतं.'' त्यांनी मोदकच का म्हणावं? त्यांना काय ठाऊक!

बारा वाजून गेले तेव्हा आक्काचाच फोन आला. ''कुठं आहेस रे? पाट मांडून ठेवलाय.'' उठलो.

पाटावर बसलो. आक्काने कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. मी ताटात पाकीट ठेवलं. मग नेहमीप्रमाणे तिने करदंटाचा तुकडा उचलला आणि माझ्या तोंडाशी आणला. ज्यांनी खाल्लं नाही त्यांच्यासाठी सांगतो: तळलेला डिंक, सुकं खोबरं, काजू-बदाम, खारीक, सगळं गुळाच्या पाकात घट्ट बसवलेलं. वास आधी येतो. बहिणीचा हात तोंडाशी आलेला, आणि माझं तोंड उघडेना.

''खा की. गुळाचं आहे,'' आक्का म्हणाली.

''आक्का, मला शुगर झाली,'' मी म्हटलं.

हात तसाच राहिला. भावजी पेपर वाचत होते, त्यांनी तो खाली ठेवला. मला वाटलं, आता ती 'किती', 'कधी', 'डॉक्टर कोण' असं विचारील. ती काहीच बोलली नाही. तुकडा ताटात ठेवला, त्यातली चिमटीभर कपची मोडली, माझ्या जिभेवर ठेवली आणि म्हणाली, ''हे ओवाळणीचं. आता ऊठ, जेव.''

जेवायला ज्वारीची भाकरी होती, वांग्याची भाजी आणि मुगाची उसळ. पुरणपोळीचं झाकलेलं ताट मला ओट्यावर दिसत होतं. ते तिने उघडलंच नाही. कुणी पथ्याची चर्चा केली नाही.

जेवण झाल्यावर भावजी आडवे झाले आणि आम्ही दोघं मागच्या पडवीत बसलो. तेव्हा मी तीस वर्षांनी तो विषय काढला. म्हटलं, ''आक्का, आप्पांनी पाय लपवला तो माझ्या बोलण्यामुळे. मोदकाच्या वेळी मी बोललो ते तू ऐकलंस. आता मला तेच दुखणं झालंय. कुणी मला तेच बोललं तर मी काय तोंडाने ऐकू?''

आक्का बराच वेळ वाती वळत राहिली. मग म्हणाली, ''बोललास ते वाईटच बोललास. पण पाय लपवला तो त्यासाठी नव्हे. सावकाराची उचल घेतली होती. तुळशीच्या लग्नापर्यंत दोन साड्या द्यायच्या होत्या. माग थांबला असता तर उचल परत द्यावी लागली असती, आणि ती तुझ्या फीला गेली होती. पाटीखालचं पाकीट मीच बघितलं नंतर.''

ती खरं सांगत होती, की मला सावरत होती, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही कळलेलं नाही. मी विचारलं नाही. आणि खरं म्हणाल तर, ते ऐकून मला हलकं वाटलं की जास्तच जड, हेही नीट सांगता येणार नाही. माझ्या फीसाठी आप्पा जखमेवर फडकं बांधून माग दाबत बसले, ह्यात हलकं व्हायला काय आहे? पण एक मात्र झालं. एकोणीस दिवस आणि नऊ दिवस हे दोन आकडे मी पहिल्यांदा शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

तेवढ्यात आक्का म्हणाली, ''पाय दाखव.''

''काही झालं नाही गं.''

''दाखव म्हटलं तर दाखवायचा.''

मोजे काढले. एकोणसाठ वर्षांची माझी बहीण खाली जमिनीवर बसली, चष्मा लावला, मोबाइलची बॅटरी पेटवली आणि माझा पाय मांडीवर घेऊन तळवा बघू लागली. बोटांच्या बेचक्या एकेक करून उघडल्या. आप्पांच्या वेळी नर्सने शिकवलेलं तिला सगळं आठवत होतं. ''टाचेला भेग आहे. रात्री खोबरेल लाव. बेचक्यात लावू नको, तिथं ओल राहिली की चिघळतंय. घरातही चप्पल घाल. आणि नवीन वहाण घेतलीस तर पहिल्या दिवशी अर्धा तास, जास्त नाही.'' तिचा आवाज नेहमीचा होता. मात्र दुसरा पाय बघताना ती जरा जास्त वेळ थांबली. आप्पांचा डावा गेला होता, माझा तो डावा होता. मी वर पत्र्याकडे बघत बसलो. ह्या वेळी उठून ओसरीवर गेलो नाही.

मोजे चढवताना मला सुचलं. ''आक्का, तू कधी तपासलीस?''

''मला काय झालंय? दिवसभर काम करते.''

''आप्पा तुझेही वडील होते.''

ह्यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. भावजी आतून म्हणाले, ''मी सांगून दमलो.'' म्हणजे ते झोपलेले नव्हतेच. आक्काने कबूल केलं, दोन वर्षांपूर्वी चिठ्ठी लिहून दिलेली आहे, देवघराच्या खणात आहे. देवघर आणि स्कूटरची डिकी, आमच्या घराण्यात कागद ठेवायच्या जागा ह्या अशा! बुधवारी उपाशीपोटी जाऊन यायचं तिच्याकडून वदवून घेतलं आणि निघालो.

परतीला करदंटाचा किलो होताच. शिरस्ता मोडायला ती तयार नव्हती, म्हणाली, ''सुनेला आणि पोरांना.'' पण वर शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी आणि ज्वारीच्या पिठाची पिशवी अशी नवी भर होती. गाडीत एका म्हातारबाबांनी चिवड्याबरोबर बेसनाचा लाडू पुढे केला. मी म्हटलं, ''मला शुगर आहे, चिवडा घेतो थोडा.'' ''कितीची?'' बाबांनी विचारलं. मी सांगितली. मग त्यांनी त्यांची सांगितली, पलीकडच्या बाईंनी त्यांच्या नवऱ्याची सांगितली, वरच्या बाकावरून कुणी तरी मेथीच्या पाण्याचा उपाय सांगितला आणि त्यावर दोघांची जुंपली. सांबरा येईपर्यंत डब्यात ह्याशिवाय दुसरा विषय नव्हता. त्यातला निम्मा सल्ला ऐकण्यासारखा नव्हता, पण वेळ बरा गेला.

फेब्रुवारीत माझी तीन महिन्यांची सरासरी ७.२ वर आली. मधे दोनदा लग्नाच्या पंगतीत घसरलो, ते डायरीत उतरलंच असणार. डेपोवरच्या आजोबांना आकडा सांगितला तर म्हणाले, ''चार महिन्यांचं बाळ आहेस, चालायला लागलास हे काय कमी?''

आणि आक्का? त्या बुधवारी दुपारी तिचा फोन आला. ''उपाशीपोटी एकशे बारा. आणि ती तुझी डायरीवाली सहा पूर्णांक एक. अजून झाली नाही, पण दारात उभी आहे म्हणाले.'' एवढं बोलून ती गप्प झाली. मीही गप्प. गोकाकला तिच्या अंगणात कुणाची तरी ट्रॉली जात असल्याचा आवाज येत होता.

मग म्हणाली, ''पुढच्या भाऊबीजेला कुंदा अर्धा किलोच आण.''